अमेरिकेतील मेडिकल स्कूल: मुलाखतीच्या बोलावण्याची वाट पाहताना आणि ऑनलाइन मुलाखतीची तयारी करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी ऑगस्टपासून मार्चपर्यंत आमच्याकडे येणारे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. निम्मे प्रश्न विद्यार्थ्यांचे असतात आणि उरलेले, म्हणजे अधिक घायकुतीला आलेले, त्यांच्या आईवडिलांचे असतात. पुढील उत्तरे प्रामुख्याने अमेरिकेत वाढलेल्या किंवा तेथे पदवी घेतलेल्या आणि एमडी (अमेरिकेतील डॉक्टरकीची मूळ पदवी) अभ्यासक्रमासाठी अर्ज केलेल्या मराठी घरांतील मुलामुलींसाठी आहेत. भारतात एमबीबीएस करून अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी अर्ज करणाऱ्यांची प्रक्रिया पूर्णपणे वेगळी असल्यामुळे तिचा येथे विचार केलेला नाही.

१. अर्ज पाठवल्यापासून मुलाखतीपर्यंत नेमके काय घडते?

बहुतेक एमडी शाळांचा अर्ज ॲमकॅस या सामायिक व्यवस्थेतून जातो. टेक्सासमधील सरकारी शाळांसाठी टीएमडीएसएएस आणि डीओ (ऑस्टिओपॅथीच्या परंपरेतील डॉक्टरकीची पदवी) अभ्यासक्रमांसाठी अ‍ॅकोमास अशा स्वतंत्र व्यवस्था आहेत. ॲमकॅसचा अर्ज मे महिन्यात भरायला खुला होतो, त्यानंतर काही आठवड्यांनी तो पाठवता येतो, आणि महाविद्यालयीन गुणांची पडताळणी झालेले अर्ज जूनच्या अखेरीपासून शाळांच्या हाती पडू लागतात. पुढे प्रत्येक शाळा आपला स्वतंत्र दुसरा अर्ज पाठवते, ज्याला सगळे 'सेकंडरी' म्हणतात. सेकंडरीतील निबंध, शिफारसपत्रे आणि एमकॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण असे सगळे पोहोचले की फाइल पूर्ण झाली असे धरले जाते, आणि मगच कोणीतरी ती वाचायला घेते.

भारतातील आजी-आजोबांना ही गोष्ट समजावणे अवघड जाते, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर नीटचे गुण, गुणवत्ता यादी आणि प्रवेशफेऱ्या असतात. अमेरिकेत अशी जाहीर यादी लागत नाही. एमकॅटमध्ये ५२८ पैकी ५२० गुण मिळवलेल्या विद्यार्थ्यालाही मुलाखतीच्या दारातूनच आत जावे लागते.

२. बोलावणी कधीपासून कधीपर्यंत येतात?

काही शाळा जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्ये सुरुवात करतात, सप्टेंबर ते नोव्हेंबर हा भरगच्च काळ असतो, थँक्सगिव्हिंग ते नवे वर्ष या दिवसांत हालचाल मंदावते आणि जानेवारीत पुन्हा एक लाट येते. फेब्रुवारीत आणि क्वचित मार्चमध्येही बोलावणी येतात. 'अर्ली डिसिजन'चा, म्हणजे एकाच शाळेला बांधून घेऊन लवकर निर्णय मिळवण्याच्या सोयीचा, अपवाद वगळता एमडी शाळा १५ ऑक्टोबरपूर्वी प्रवेश देत नाहीत. त्यामुळे त्या तारखेपर्यंत कोणालाही प्रवेश 'मिळालेला' नसतो, फार तर मुलाखत झालेली असते. बहुतेक शाळा जसजशा मुलाखती होतील तसतसे निर्णय घेत जातात, म्हणून लवकर झालेल्या मुलाखतीचा थोडा फायदा होतो. मात्र उशिरा आलेले बोलावणे हे खरे बोलावणेच असते. जागा नसताना केवळ औपचारिकता म्हणून मुलाखती घेण्याइतका वेळ कोणत्याही प्रवेशसमितीकडे नसतो.

३. माझ्या मैत्रिणीला त्याच शाळेचे बोलावणे आले, माझे गुण तिच्यापेक्षा जास्त असूनही मला आले नाही. हा नकार समजायचा का?

नाही. फाइली आल्या त्या क्रमाने वाचल्या जातात असे नसते. एखाद्या शाळेत त्या राज्यातील रहिवाशांच्या फाइली आधी उघडतात, दुसरीकडे ग्रामीण भागात काम करू इच्छिणाऱ्यांना प्राधान्य असते, तिसरीकडे संशोधनाचा अनुभव आधी पाहिला जातो. टेक्सासच्या सरकारी शाळांत किमान ९० टक्के जागा राज्यातील रहिवाशांसाठी असतात. तेव्हा ह्यूस्टनला राहणाऱ्या मैत्रिणीची आणि न्यू जर्सीतल्या तुमची तेथील रांग मुळात एक नाहीच.

संख्येचाही विचार करावा. अलीकडच्या वर्षांत सुमारे ५२ हजार अर्जदारांपैकी सुमारे २३ हजार विद्यार्थी एमडी अभ्यासक्रमांत दाखल होतात, आणि एक अर्जदार सरासरी पंधरा ते वीस शाळांकडे अर्ज करतो. त्यामुळे एकेका शाळेच्या टेबलावर हजारो फाइली असतात. नकार कळवायचा असेल तेव्हा शाळा तसे कळवते, कधी फार उशिरा कळवते, पण मौनाचा अर्थ बहुतेक वेळा 'अजून वाचले नाही' किंवा 'अजून ठरले नाही' एवढाच असतो. पोर्टलवर 'होल्ड' असे दिसले तर फाइल वाचून बाजूला ठेवली आहे आणि ती पुन्हा उघडली जाऊ शकते, असे समजावे.

४. बोलावणे कोणत्या मार्गाने येते आणि किती तासांत उत्तर द्यावे?

ईमेलने किंवा शाळेच्या पोर्टलवर, आणि पुष्कळदा दोन्हीकडे येते. सोबत तारखांची यादी असते आणि त्या तारखा प्रथम येणाऱ्यास प्रथम या न्यायाने संपतात, म्हणून शक्यतो त्याच दिवशी उत्तर द्यावे. आमच्या ओळखीच्या एका मुलीचे बोलावणे ईमेलच्या 'प्रमोशन्स' कप्प्यात बुटांच्या सवलतीच्या दोन जाहिरातींमध्ये नऊ दिवस पडून होते. तिला तारीख मिळाली, पण सप्टेंबरऐवजी जानेवारीतली. तेव्हापासून आम्ही सर्वांना सांगतो की अर्ज केलेल्या प्रत्येक शाळेच्या ईमेल पत्त्यासाठी फिल्टर लावून ठेवावा, स्पॅम रोज एकदा पाहावे आणि पोर्टल आठवड्यातून दोनदा उघडावे. दर तासाला उघडून काही साध्य होत नाही.

५. नोव्हेंबर उलटला आणि एकही बोलावणे नाही. आता काय करता येईल?

प्रथम प्रत्येक पोर्टलवर फाइल पूर्ण आहे ना ते तपासावे. एखादे शिफारसपत्र अडकलेले असणे किंवा कॅस्परसारख्या परिस्थितीजन्य चाचणीचा निकाल न पोहोचणे ही कारणे आपल्याला वाटते त्यापेक्षा अधिक वेळा निघतात.

त्यानंतर शाळेला चालत असेल तर 'अपडेट लेटर' पाठवावे. काही शाळा असे पत्र स्पष्टपणे नाकारतात, त्यांना ते पाठवू नये, कारण सूचना न वाचणारा अर्जदार अशीच नोंद होते. पत्रात खरोखर नवे काही असावे: नवी नोकरी, प्रसिद्ध झालेला शोधनिबंध, सत्राचे गुण, रुग्णालयातील वाढलेली जबाबदारी. अर्जातल्याच गोष्टी अधिक गोड शब्दांत लिहिण्याला अपडेट म्हणत नाहीत. 'तुमच्याकडे प्रवेश मिळाल्यास मी नक्की येईन' असे वचन देणारे 'लेटर ऑफ इंटेंट' मात्र एकाच शाळेला द्यायचे असते आणि ते साधारणपणे मुलाखतीनंतर शोभते. ते तीन शाळांना पाठवण्याचा सल्ला देणारे हितचिंतक असतात, त्यांचे ऐकू नये.

जानेवारीनंतरही शांतता असेल, तर पुढील वर्षी पुन्हा अर्ज करायचा झाल्यास काय सुधारता येईल याचा विचार आशा न सोडता समांतर सुरू करावा. एमकॅट पुन्हा द्यायची असल्यास वसंतातील तारखा आधीच पाहून ठेवाव्या लागतात.

६. आम्ही पालकांनी प्रवेश कार्यालयात फोन करून चौकशी केली तर चालेल का?

चालणार नाही. विद्यार्थ्याच्या परवानगीशिवाय कार्यालय पालकांना सहसा काही सांगत नाही, आणि फोनची आठवण मागे राहते ती मुलाच्या नावावर.

७. मुलाखत ऑनलाइन होते की प्रत्यक्ष? दोन्हींपैकी निवड करता येते का?

२०२० मध्ये महासाथीमुळे जवळजवळ सर्वच शाळा ऑनलाइन मुलाखतींकडे वळल्या आणि त्यांतील बऱ्याच अजूनही तशाच आहेत. काही पुन्हा प्रत्यक्ष बोलावू लागल्या आहेत, तर काही निवडीची मुभा देतात. एमएसएआर या अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येक शाळेची पद्धत दिलेली असते. निवड असेल तर आमचे मत असे आहे की शहर अजिबात पाहिलेले नसेल आणि खर्च झेपणारा असेल तरच प्रत्यक्ष जावे. विमान, हॉटेल आणि बुडालेले तास यांचा हिशेब पाच-सहा मुलाखतींना मोठा होतो. प्रवेश मिळाल्यानंतर बहुतेक शाळा वसंतात 'सेकंड लुक' नावाचा भेटीचा दिवस ठेवतात, तेव्हा शाळा डोळ्यांनी पाहता येते. बहुतेक एमडी शाळांच्या वेळापत्रकात अंतिम निवडीसाठी ३० एप्रिल ही महत्त्वाची तारीख असल्यामुळे ही भेट त्याआधी उरकावी.

८. ऑनलाइन भेटीच्या दिवशी दिवसभर काय चालते?

मुलाखत एक तासाची असली तरी भेट अर्ध्या दिवसाची असते. अधिष्ठात्यांचे स्वागत, अभ्यासक्रमाची ओळख, आर्थिक साहाय्याचे सत्र, चित्रफितीतून परिसराची फेरी, सध्याच्या विद्यार्थ्यांशी गप्पा आणि मधेच कधीतरी झूमच्या वेगळ्या खोलीत नेऊन घेतलेली मुलाखत, असा साधारण क्रम असतो. विद्यार्थ्यांबरोबरच्या गप्पांचे गुणांकन होत नाही असे अनेक शाळा सांगतात, ते खरेही असते. तरी तेथे जांभया देत बसलेला चेहरा कोणाच्या तरी लक्षात राहतोच.

आर्थिक सत्रात कान टवकारून बसावे. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे केंद्रीय कर्ज बंद होत असून वैद्यकीय विद्यार्थ्याला केंद्रीय कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर अशी झाली आहे. अनेक खासगी शाळांचा एकूण खर्च त्याहून बराच जास्त आहे. उरलेली रक्कम कशी उभी करायची, शाळा स्वतःचे अनुदान किती देते, हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. त्याचबरोबर पहिली दोन वर्षे केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल असतो की आतून क्रमवारी लावली जाते, हेही विचारावे. डॉक्टरकीच्या परवान्यासाठीच्या स्टेप वन परीक्षेचा निकाल जानेवारी २०२२ पासून उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असाच लागत असल्याने शाळेतील क्रमवारीला पूर्वीपेक्षा वजन आले आहे.

९. एमएमआय (मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू) म्हणजे काय आणि त्याची तयारी कशी करावी?

कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठात विकसित झालेली ही पद्धत आहे. एका दीर्घ मुलाखतीऐवजी सहा ते दहा छोट्या मुलाखती होतात. प्रत्येक ठिकाणी एक प्रसंग पडद्यावर येतो, तो वाचायला साधारण दोन मिनिटे मिळतात आणि मग पाच ते आठ मिनिटे बोलायचे असते. मुलाखतकार दर वेळी बदलतो, त्यामुळे एक फसली तरी पुढची कोऱ्या पाटीवर सुरू होते. एकाच मुलाखतकाराच्या मर्जीवर सगळे ठरू नये, हाच त्यामागील हेतू.

प्रसंग कसा असतो? समजा, तुम्ही रुग्णालयात स्वयंसेवक आहात. सत्तरीच्या एका आजींना कर्करोग झाल्याचे त्यांच्या मुलाला कळले आहे आणि तो म्हणतो, 'आईला सांगू नका, ती खचेल.' आपल्या घरांत हे वाक्य कोणी ऐकलेले नाही असे होणार नाही. मराठी मुलांची येथे दोन प्रकारे गफलत होते. काही जण पुस्तकी उत्तर देतात: रुग्णाचा हक्क, सांगितलेच पाहिजे, विषय संपला. काही जण मुलाच्या बाजूने इतके वाहवत जातात की आजींना विचारायचेच विसरतात. चांगले उत्तर मुलाच्या भीतीचे कारण समजून घेते, आजींना स्वतःच्या आजाराविषयी किती जाणून घ्यायचे आहे हे त्यांनाच विचारण्याचा मार्ग सुचवते, आणि स्वयंसेवकाने निदान सांगायचे नसते, ती गोष्ट उपचार करणाऱ्या चमूच्या कानावर घालायची असते, हेही ओळखते.

तयारीसाठी घड्याळ लावून, परक्या माणसासमोर बोलण्याचा सराव करावा. आईसमोर केलेला सराव फारसा उपयोगी पडत नाही, कारण आई दुसऱ्याच मिनिटाला स्वतः उत्तर देऊ लागते.

१०. खोली, कॅमेरा आणि घरातील आवाज यांची व्यवस्था कशी करावी?

लॅपटॉपखाली जाड पुस्तके ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणावा. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. वाय-फायपेक्षा केबल बरी, आणि पर्याय म्हणून फोनचे हॉटस्पॉट तयार ठेवावे. झूम आदल्या दिवशीच अद्ययावत करावे, नाही तर ऐन वेळी ते स्वतःच अपडेट होत बसते. स्वतःचा चेहरा पाहण्याची सवय मोडत नसेल तर तो चौकोन लपवावा. शाळेने दिलेला संपर्क क्रमांक कागदावर लिहून ठेवावा: जोडणी तुटली तर त्यावर लगेच कळवायचे, घाबरून सारखे आत-बाहेर करत बसायचे नाही. जोडणी तुटल्यामुळे कोणाचा प्रवेश जात नाही.

मुलाखतींचा भरगच्च काळ आणि दिवाळी नेमकी एकत्र येतात. चकलीचा घाणा, मिक्सर, कुकरची शिट्टी आणि भारतातून आलेला व्हिडिओ कॉल यांची वेळ घरातल्यांनी आधीच ठरवून घ्यावी. दारावरच्या बेलची बॅटरी काढून ठेवणारे एक आजोबा आमच्या परिचयाचे आहेत, त्यांचे अनुकरण करायला हरकत नाही.

११. मुलगा सगळी उत्तरे पाठ करतो आहे. ते योग्य आहे का?

पाठ केलेले उत्तर पडद्यावर प्रत्यक्षापेक्षा लवकर उघडे पडते, कारण डोळे एका ठिकाणी खिळतात आणि आवाज सपाट होतो. 'डॉक्टर का व्हायचे आहे', 'हीच शाळा का' आणि 'अपयशाचा प्रसंग सांगा' या तीन प्रश्नांसाठी चार-चार मुद्दे कागदावर लिहावेत आणि प्रत्येक वेळी वेगळ्या शब्दांत बोलावे. स्वतःचा अर्ज पुन्हा वाचावा. दोन वर्षांपूर्वीच्या संशोधनातील आलेख समजावून सांगता येत नाही, असे भर मुलाखतीत कळणे वाईट. आपण काय केले हे सांगताना 'आम्ही'च्या आड लपू नये. 'आपली टिमकी आपण वाजवू नये' हा घरचा संस्कार चांगला आहे, पण समोरच्याला तुमचा वाटा कळायलाच हवा. मुलाखत चालू असताना एआयकडून उत्तरे घेणे किंवा ती ध्वनिमुद्रित करणे हे मात्र थेट नियमभंग आहेत.

१२. उन्हाळ्यात काकांच्या भारतातील दवाखान्यात टाके घालायला आणि प्रसूतीत मदत करायला मिळाली. हा अनुभव मुलाखतीत सांगावा का?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वांत उशिरा, म्हणजे पुष्कळदा सांगून झाल्यावर येतो. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने, म्हणजे एएएमसीने, परदेशातील अशा अनुभवांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांचा आशय असा की ज्या गोष्टी करण्याचे प्रशिक्षण नाही आणि ज्या अमेरिकेत तुम्हाला करू दिल्या नसत्या, त्या दुसऱ्या देशातील रुग्णावर करू नयेत. घरी ज्याचे कौतुक झाले तेच मुलाखतकाराला रुग्णाच्या अगतिकतेचा फायदा घेतल्यासारखे वाटू शकते. त्या बाईंना हातात सुई धरणारा विद्यार्थी कोण आहे हे सांगितले होते का, असे त्याने विचारले तर उत्तर काय?

खोटे बोलू नये, अर्जात लिहिलेले लपवूही नये. विचारले गेल्यास जे घडले ते सांगावे आणि आज तीच संधी आली तर का नाकाराल हे स्पष्ट करावे. एरवी त्या दवाखान्यात जे पाहिले त्याविषयी बोलावे. दोन तासांच्या एसटी प्रवासानंतर ओपीडीच्या बाकावर बसलेली माणसे, औषधाची किंमत विचारून अर्धीच पट्टी घेणारा रुग्ण, तीस सेकंदांत तपासून पुढचा नंबर पुकारणारे काका आणि तरीही रुग्णांचा त्यांच्यावर असलेला विश्वास: या निरीक्षणांना टाक्यांपेक्षा कितीतरी अधिक मोल आहे.

१३. माझ्या नावाचा उच्चार कोणालाच जमत नाही. चुकल्यावर दुरुस्त करावे का?

एकदा, हसून, सुरुवातीलाच करावे. नावात 'ज्ञ' असलेल्यांचे हाल विशेष असतात, कारण डी-एन-वाय ही अक्षरे पाहून समोरचा मुळातच थबकतो. झूमवरील नावापुढे सोपा उच्चार लिहिण्याची सोय आहे, ती वापरावी.

१४. डिसेंबरमध्ये आम्ही पुण्याला असू. तेथून मुलाखत देता येईल का?

शाळेने हरकत घेतली नाही तर देता येते, मात्र वेळेचे गणित नीट करावे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील बहुतेक भागांत घड्याळे एक तास मागे जातात. त्यानंतर भारत पूर्व किनाऱ्याच्या साडेदहा तास आणि पश्चिम किनाऱ्याच्या साडेतेरा तास पुढे असतो. बोस्टनची सकाळी नऊची मुलाखत पुण्यात संध्याकाळी साडेसातला येते, ती सुखाची. कॅलिफोर्नियातील सकाळी नऊला सुरू होऊन दुपारी तीनला संपणारी भेट मात्र रात्री साडेदहापासून पहाटे साडेचारपर्यंत चालते, म्हणून शक्य असेल तर तारीख बदलून घ्यावी. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर दिवे चालू राहतात, पण राउटर त्यावर जोडलेला आहे का हे आधी पाहावे. बाकीच्या तयारीसाठी प्रश्न १० पाहावा.

१५. समोर कोणीच नसलेली, ध्वनिचित्रमुद्रित मुलाखत हा काय प्रकार आहे?

काही शाळा खऱ्या मुलाखतीआधी किंवा तिच्याऐवजी हा प्रकार वापरतात. पडद्यावर प्रश्न येतो, थोडा विचार करायला वेळ मिळतो आणि मग एक-दोन मिनिटे कॅमेऱ्याकडे पाहून बोलायचे असते. मुदतीच्या शेवटच्या रात्रीपर्यंत ते टाळू नये. वेळ संपण्याआधीच मुद्दा पूर्ण झाला तर थांबावे, उरलेले सेकंद भरण्यासाठी बोलत राहू नये.

१६. मुलाखतीनंतर आभाराचे पत्र पाठवावे का?

शाळेने मनाई केली नसेल तर चोवीस तासांत चार ओळींचे पाठवावे. मनाई असेल तर अजिबात नको. त्यावरून प्रवेश ठरत नाही.

१७. दोन मुलाखती एकाच दिवशी आल्या, किंवा आधीच प्रवेश मिळाल्याने एक नको झाली, तर?

वेळापत्रक जुळत नसल्यास नंतर आलेल्या शाळेला तारीख बदलण्याची विनंती करावी, कारण सांगत बसण्याची गरज नसते. मुलाखत नको असेल तर लवकरात लवकर कळवून ती सोडावी, म्हणजे तो दिवस प्रश्न ५ मधील एखाद्या अर्जदाराला मिळतो. न कळवता गैरहजर राहणे अक्षम्य मानले जाते.

१८. आम्ही एच-४ (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावर आहोत आणि ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. मुलीला बोलावणे येईल का?

बहुतेक एमडी शाळा नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनाच घेतात. एच-४ वरील विद्यार्थिनीला, ती पहिलीपासून अमेरिकेत शिकलेली असली तरी, परदेशी अर्जदार मानले जाते. परदेशी विद्यार्थ्यांना घेणाऱ्या शाळा आहेत, पण त्या थोड्या आहेत, आणि त्यांतील काही एक किंवा अधिक वर्षांचे शुल्क आगाऊ जमा करायला सांगतात. केंद्रीय कर्ज मिळत नाही आणि खासगी कर्जासाठी बहुधा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जामीनदार लागतो. वयाच्या २१ व्या वर्षी एच-४ संपतो, त्यामुळे अर्जाच्या काळातच व्हिसा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) करावा लागण्याची शक्यता धरून चालावे आणि त्यासाठी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला आधीच घ्यावा. अर्ज पाठवल्यानंतर ग्रीन कार्ड हाती आल्यास त्याच दिवशी प्रत्येक शाळेला कळवावे. स्थितीतील असा बदल अपडेट पत्रे न घेणाऱ्या शाळांनाही कळवायचा असतो.